पोपटाचा डोळा

मराठी माणसाला आपला नेम उत्तम आहे याची खात्री जत्रेत पटते. फळीवर दाटीवाटीनं लावलेले फुगे, समोर बाकावर टेकवलेली छर्‍याची बंदूक आणि शेजारी डुलक्या काढणारा तिचा मालक. त्या बंदुकीची नळी नेमकी कुठं बघते हे त्या मालकालाही सांगता येणार नाही. पण फुगे इतके खेटून असतात की निळ्यावर धरलेला छर्रा निदान पिवळ्याला लागतोच. मग आपण पिवळ्यावरच धरला होता असं म्हणायला कोणाची हरकत? पोरं टाळ्या पिटतात, बायको भेळ खाता खाता जरा कौतुकानं बघते, आणि तो माणूस पुढची तीसएक वर्षं 'वेळेवर कोणी हात धरला असता तर' या एका वाक्यावर काढतो.

आमच्या साडूंनीही काढली. मग १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझ जिंकलं. १९५२ साली खाशाबा जाधवांनी आणलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे पहिलंच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. अख्खा महाराष्ट्र आनंदला. साडूंनी मात्र ते अंगाला लावून घेतलं, कारण ते मूळचे कोल्हापूरचे. २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेती झालेली तेजस्विनी सावंत कोल्हापूरची, २०१८ च्या एशियाडमध्ये पिस्तुलात सुवर्ण मिळवणारी राही सरनोबतही कोल्हापूरची. तेव्हा ही गोष्ट पंचगंगेच्या पाण्यातच आहे, हा निष्कर्ष काढायला त्यांना वेळ लागला नाही. स्वप्नील त्या वेळी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. यातही साडूंना संकेत दिसला; कॉलेजच्या दिवसांत त्यांचं तिकीट तपासनिसांशी जवळचं नातं होतं, फक्त ते दोघं समोरासमोर यायचं टाळत.

पाणी पिऊन झालं होतं, आता रायफल हवी होती. ती एका रविवारी लांबलचक खोक्यातून घरी आली. मेव्हणीनं खोकं पाहून 'पडद्याचे रॉड आणलेत का?' असं विचारलं. खरं कळल्यावर तिनं दोनच प्रश्न केले. पहिला, पोलीस येतील का? साडूंनी पाठ केलेलं उत्तर दिलं: छर्रा ४.५ मिलिमीटरचा आणि ताकद २० ज्यूलच्या आत असली की २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे एअर रायफलला परवाना लागत नाही. दुसरा प्रश्न किमतीचा होता. त्याचं उत्तर त्यांनी पाठ केलेलं नव्हतं.

रायफलीवर दुर्बीण होती. साडू तिला स्कोप म्हणत, मेव्हणी शेवटपर्यंत दुर्बीणच म्हणत राहिली. सहापासून चोवीस पटीपर्यंत मोठं दाखवणारी, पुढची काच ५० मिलिमीटरची, वर एक चाक, बाजूला दोन चाकं. वास्तविक स्वप्नील काय, तेजस्विनी काय, ऑलिंपिकच्या रायफल प्रकारात कोणीच दुर्बीण लावत नाही, नियमात ती बसतच नाही. तिथं मागं एक बारीक भोक आणि पुढं एक कडं, बस्स. हे मी साडूंना हळूच सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना परवानगी न्हाई म्हणून लावत न्हाईत. आपल्याला कोण अडवतंय?"

ही दुर्बीण रायफलीवर बसवायचा सोहळा दिवाणखान्यात झाला. आतली फुली अगदी सरळ उभी हवी, नाही तर लांबच्या निशाण्याला छर्रा कडेला सरकतो. त्यासाठी साडूंनी सोसायटीत काम करणार्‍या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला, तो खिडकीच्या गजाला टांगला आणि फुलीची उभी रेघ त्याच्या दोरीशी जुळवत बसले. गवंडी ओळंबा परत न्यायला आला तेव्हा त्यानंही डोळा लावून पाहिलं आणि म्हणाला, "फुली सरळ हाय साहेब, तुमची खिडकी तिरकी हाय." ते खरं निघालं. त्या घरात राहायला आल्यापासून कोणाच्या लक्षात न आलेली खिडकीची तिरपी चौकट त्या दिवसापासून सगळ्यांना खुपू लागली.

मग हवा. ही पीसीपी जातीची रायफल. तिच्या पोटातल्या टाकीत आधी हवा कोंबून ठेवायची आणि ती थोडी थोडी सोडून छर्रा पळवायचा. मोटारीच्या चाकात तीस-पस्तीस पीएसआय हवा पुरते. इथं २०० बार, म्हणजे जवळजवळ २,९०० पीएसआय. इतकी हवा हातपंपानं भरायची असते. सुरुवातीला पंप लोण्यातून जातो. काटा १५० च्या पुढं सरकला की माणसाला आपलं वजन आयुष्यात प्रथमच अपुरं वाटू लागतं. साडू दांड्यावर पोट टेकून अधांतरी, मी त्यांचे खांदे खाली दाबतोय आणि मेव्हणी दारातून विचारतेय, "ही बंदूक आहे की व्यायामशाळा?" आम्ही दोघंही उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हतो.

रेंज गावाबाहेर. आत १० मीटरचा हॉल, मागं २५ मीटरची उघडी पट्टी, पलीकडं मातीचा बांध आणि त्यावर सुबाभूळ. रेंजचे सर मितभाषी. त्यांनी रायफलीकडं पाहिलं, दुर्बिणीकडं पाहिलं, मग साडूंकडं पाहिलं, आणि आम्हाला मागच्या पट्टीवर नेलं. जाताना एकच नियम सांगितला: काही झालं तरी नळी बांधाकडेच.

हा नियम लहान दिसतो. पण कोल्हापूरच्या माणसाला बोलताना अख्खं शरीर लागतं. साडू मला काही सांगायला वळले की त्यांच्याबरोबर रायफलही वळे. "नळी," सर आवाज न चढवता म्हणत. साडू परत बांधाकडं. पुन्हा काही सुचलं की पुन्हा अर्धवर्तुळ, पुन्हा "नळी." शेवटी त्यांनी तोडगा काढला आणि उरलेलं सगळं संभाषण बांधाशी केलं. "साडूभाऊ, जरा पाणी द्या," हेसुद्धा सुबाभळीला उद्देशून.

रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवून पहिला छर्रा सुटला. कार्ड कोरं. दुसरा, तिसरा, कार्ड कोरंच. दुर्बिणीतून ते इतकं स्वच्छ कोरं दिसत होतं की कागदाचे तंतू मोजावेत. सरांनी काही न बोलता कार्डाच्या जागी वर्तमानपत्राची रविवारची अख्खी पुरवणी लावली. आता छर्रा कुठंतरी सापडणार हे नक्की. तो राशिभविष्यात सापडला, वृश्चिकेच्या मधोमध. साडूंची रास वृश्चिक. तिथं 'आर्थिक निर्णय लांबणीवर टाका' असं छापलेलं होतं, त्यातल्या 'लांबणीवर'चा वेध घेऊन छर्रा पार झाला होता.

नेम धरला होता त्याच्या खाली ६ सेंटिमीटर. असं होणारच होतं. दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसते. नजर सरळ जाते आणि छर्रा खालून निघून कमान घेत जातो. दोघांची गाठ वाटेत दोनदाच पडते, एकदा छर्रा वर चढताना आणि एकदा उतरताना. साडू-साडूंचीही साधारण तशीच पडते, लग्नात आणि बारशाला. ही दुसरी गाठ आपल्याला हव्या त्या अंतरावर पाडायची, याला झीरो करणं म्हणतात, आणि त्यासाठी ती चाकं असतात. चाक फिरवलं की 'टिक' वाजतं. माहितीपुस्तकात लिहिलं होतं, एक टिक म्हणजे पाव इंच. साडूंनी तोंडी हिशोब केला: ६ सेंटिमीटर म्हणजे अडीच इंचाला जरा कमी, म्हणजे दहा टिक. दहा टिक दिले. छर्रा वृश्चिकेतून जेमतेम तुळेच्या तळाशी आला.

"माल खराब हाय," साडू बांधाला म्हणाले.

"पाव इंच १०० यार्डांवर," सर म्हणाले. "इथं २५ मीटर."

चाक फिरलं की दुर्बिणीचा कोन बदलतो. तोच कोन लांबवर पाव इंच होतो आणि जवळ जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. म्हणजे एकूण चौतीस-पस्तीस टिक हवे होते. साडूंनी उरलेले मोठ्यानं मोजायला घेतले. अकरा, बारा, तेरा... आणि मेव्हणीचा फोन आला, येताना कोथिंबीर आणा म्हणून. फोन मी घेतला आणि 'किती?' असं विचारलं. ती म्हणाली, "वीसची." मी ते मोठ्यानं म्हटलं. साडूंनी पुढचा टिक एकवीस धरला.

आडव्या चाकाची कहाणी निराळी. त्यावर उजवीकडं जाणारा बाण होता. साडूंना वाटलं, फुली उजवीकडं जाणार. पण बाण छर्‍याचा असतो, फुलीचा नसतो. छर्रा आधीच उजवीकडं पडत होता. दर दुरुस्तीनंतर तो आणखी उजवीकडं गेला, राशिभविष्य सोडून शब्दकोड्यात शिरला आणि सात आडवं पूर्ण करून पुरवणीच्या बाहेर पडला.

दुपारपर्यंत का होईना, छर्रा फुलीवर आला आणि सरांनी पुन्हा कार्ड लावलं. इथून खरी मौज. साडूंनी दुर्बीण चोवीस पटीवर नेली. २५ मीटरवरचं कार्ड मीटरभरावर आलं, काळं वर्तुळ ताटाएवढं झालं, आणि त्या ताटावर फुली नाचू लागली. नाचू लागली म्हणजे सरळ लेझीम. साडूंना वाटलं, पिशवी सरकली. पिशवी चेपली, तरी फुली थांबेना. तिला ठराविक ताल होता. सरांनी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली आणि म्हणाले, "ही तुमची नाडी आहे."

दुकानदार दुर्बीण विकताना निशाणा किती जवळ येतो ते सांगतो. आपला कंपही तितक्याच पटीनं जवळ येतो, हे कागदावर कुठंही नसतं. साध्या डोळ्यांनी नेम धरणारा माणूस आपण स्थिर आहोत अशा गोड समजुतीत चाप ओढतो, आणि त्या समजुतीत बर्‍यापैकी मारतोही. चोवीस पटीवर डोळा लावलेल्या माणसाला श्वास, नाडी, सकाळचा चहा, कोथिंबिरीची काळजी, सगळं फुलीच्या टोकावर दिसतं. मग तो फुली दहावर यायची वाट बघतो, ती आली की घाईनं चाप ओढतो, आणि त्या ओढण्यानंच ती सातावर जाते. श्वास धरून ठेवला तर आठ-दहा सेकंदांत डोळ्यांपुढं काजवे. साडू एकदा इतका वेळ श्वास धरून बसले की सरांनी पाण्याची बाटलीच पुढं केली.

ती संधी साधून साडूंनी खिशातून ब्लडप्रेशरची गोळी काढून घेतली. त्या दिवसातली योग्य जागी गेलेली ही पहिली गोळी. सरांनी पाकीट मागून घेऊन नाव वाचलं. "बीटा ब्लॉकर आहे. स्पर्धेत चालत नाही."

"म्हणजे?"

नेमबाजीत ही औषधं बंदी असलेल्या यादीत आहेत. नाडी संथ होते, हात थरथरत नाही, म्हणून. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जाँग सूनं पिस्तुलात एक रौप्य आणि एक ब्राँझ मिळवलं, आणि याच जातीचं प्रोप्रॅनोलॉल तपासणीत सापडल्यामुळं दोन्ही परत द्यावी लागली. साडूंचा चेहरा बघण्याजोगा झाला. आपल्यावर जागतिक पातळीवर बंदी येऊ शकते, इतकी पत त्यांना आजवर कोणी दिली नव्हती. तिथूनच त्यांनी मेव्हणीला फोन लावला आणि सांगितलं, "ऐकलंस का, मी डोपिंगमध्ये बसतो." पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही, पण 'कोथिंबीर' हा शब्द स्पष्ट ऐकू आला.

गोळी घेऊनही फुली फारशी शांत झाली नाही, एवढं त्या औषधाच्या वतीनं नमूद करतो.

मधल्या वेळात एक नवीच भानगड झाली. शेजारच्या पट्टीवर बारा-तेरा वर्षांची एक मुलगी सराव करत होती. जाड कॅनव्हासचं जॅकेट, त्यात कमरेतून वाकता येत नाही. बापानं आणलेली लाखाच्या घरातली रायफल, आणि बाप बाहेर बाकावर डबा घेऊन बसलेला. सरांनी तिचं कार्ड आणलं, तर त्यावर तिनं मारलेल्यांपेक्षा एक भोक जास्त. नऊच्या रेघेवर. तो साडूंचा त्या दिवसातला सर्वोत्तम नेम होता.

यात साडूंचा काय दोष! अर्जुनाला द्रोणाचार्यांनी विचारलं, काय दिसतं? तो म्हणाला, पोपटाचा डोळा, बाकी काही नाही. आपल्याकडं ही गोष्ट एकाग्रतेची म्हणून सांगतात. चोवीस पटीच्या दुर्बिणीला डोळा लावला की कळतं, बाकी काही दिसण्याची सोयच नसते. झाड नाही, फांदी नाही, पोपट नाही, नुसता डोळा. आणि तो कोणाच्या पोपटाचा, ते मान वर केल्याशिवाय समजत नाही.

ही नामुष्की थोरामोठ्यांनाही चुकलेली नाही, तीही विनादुर्बीण. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स २००४ साली अथेन्सला, स्वप्नीलच्याच प्रकारात, शेवटच्या गोळीपर्यंत आघाडीवर होता. साधारण नेम लागला असता तरी सुवर्ण त्याचं होतं. त्यानं गोळी मारली ती शेजारच्या लेनच्या कार्डावर. हिशोबात शून्य, आणि पठ्ठ्या पहिल्यावरून आठवा. त्या वेळी त्याचं सांत्वन करायला आली कातेरिना कुर्कोव्हा, झेक प्रजासत्ताकाची नेमबाज. पुढं दोघांचं लग्न झालं. चार वर्षांनी बीजिंगला एमन्स पुन्हा आघाडीवर, पुन्हा शेवटची गोळी. या वेळी कार्ड बरोबर होतं, पण बोट आधीच चापाला लागलं आणि ४.४ वर गोळी जाऊन तो चौथा आला. बायकोनं मात्र त्याच ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलचं सुवर्ण घेतलं होतं. घरात एक तरी सुवर्ण असलं की पुरे, असं मी ही हकिगत सांगून साडूंना म्हटलं. ते बांधाला म्हणाले, "शेजारी मारून लग्न जमतं हे आम्हाला कोण बोललं न्हाई. आम्ही कांदेपोहे खात बसलो."

दिवसाअखेरीचं कार्ड मात्र सरांनी उजेडाकडं धरून बघितलं. पाच भोकं, सगळी एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ, आणि सगळी डावीकडं वर, सहाच्या रेघेपाशी. "ग्रुप चांगला आहे," सर म्हणाले. नेमबाजीत हे मोठं कौतुक. एक छर्रा दहावर आणि चार रानोमाळ यापेक्षा पाचही छर्रे एकाच चुकीच्या जागी हे कितीतरी बरं, कारण जागा चाकानं हलवता येते, माणूस हलवता येत नाही. मला यावरून आमच्या कार्यालयातले काही वरिष्ठ आठवले. साडूंनी ते कार्ड घडी न पाडता पाकिटात ठेवलं, आणि मेव्हणीला मोबाइलवर फोटो पाठवताना काळ्या वर्तुळाचा उजवा भाग काढून टाकला.

रायफल आवरणार एवढ्यात ती मुलगी आली. "काका, मी एक मारू?"

साडूंनी उदारपणे जागा दिली. चोवीस पटीच्या पुढचं जग पाहून तिला काय वाटतं याची त्यांना उत्सुकता होती. तिनं पिशव्या जरा मागं घेतल्या, डोळा लावला, लगेच काढला, पुन्हा लावला. मग सरांना विचारून चाक फिरवून पट थेट सहावर आणली आणि चाप दाबला. साडूंच्या पाच भोकांत सहावं जाऊन बसलं; झीरो तसाच होता. रायफल रिकामी करून तिनं परत दिली.

"छान आहे. पण काका, तुम्ही एवढं सगळं कशाला बघता?"

"म्हणजे? तुला काय दिसतं तुझ्या त्या भोकातून?"

"काळा गोळा. कड्यात मधोमध आला की दाबायचं."

"आणि दहाचा ठिपका?"

"तो तर अर्ध्या मिलिमीटरचा असतो. १० मीटरवरून कुठला दिसायला?" ती म्हणाली आणि ताठ जॅकेट सांभाळत हॉलकडं गेली. तिथं थोड्या वेळात तिचे छर्रे एका लयीत टपटप वाजायला लागले.

साडू काही वेळ बांधाकडं बघत राहिले. आता रायफल पेटीत गेली होती, वळायला हरकत नव्हती, तरीही. मग त्यांनी सरांना अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, की ते मागचं भोकाचं यंत्र सुटं मिळतं का, आणि केवढ्याला. सरांनी आकडा सांगितला. साडूंनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला.

गाडीत बसल्यावर मंडईच्या वळणापर्यंत ते गप्प होते. मी कोथिंबीर घ्यायला उतरणार, तर त्यांनी माझा हात धरला.

"साडूभाऊ, तुमच्या गच्चीवर पक्षी येतात न्हवं?"

"येतात की. पोपटसुद्धा."

"मग तुम्हाला चांगली दुर्बीण लागणार बघा. चोवीस पटीची हाय. फुली सरळ हाय, गवंड्यानं पास केलीय. घरचा माणूस म्हणून हजार कमी द्या, पण तुमच्या मेव्हणीला किंमत सांगायची न्हाई."